मित्राचं रक्त तुझ्या हातावर नाही

आमच्या तरुण संघातल्या एका मुलानं विचारलं आहे: "पास्टर, मी 26 वर्षांचा, नागपुरात धरमपेठेत एका बँकेच्या कर्ज विभागात आहे. जन्मानं ख्रिस्तीच, पण खऱ्या अर्थानं विश्वासात आलो तो गेल्या वर्षी. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र बौद्ध आहे, इंदोऱ्याचा. माणूस म्हणून माझ्याहून चांगला. त्याची आई सध्या मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती आहे. परवा एका सभेत वक्ते म्हणाले की ज्याला तुम्ही येशूची सुवार्ता सांगितली नाही तो नाशात गेला, तर त्याच्या रक्ताचा जाब देव तुम्हाला विचारेल. तेव्हापासून झोप लागत नाही. तो खरंच हरवलेला आहे का? सांगायचं तर कसं सांगू? आणि आत्ता सांगू का, आई आजारी असताना?"

बाळा, हे तीन प्रश्न आहेत. तू त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतली आहेस, म्हणून मान दुखते आहे. मोळी सोडू, पण आधी तुझ्या झोपेचं बघू.

सभेत वाचलेलं वचन बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायातलं. घरी जाऊन अख्खा अध्याय वाच. संदेष्टा बाबेलच्या बंदिवासात आहे आणि आपल्याच माणसांशी, इस्राएलाच्या घराण्याशी बोलतो आहे. दाखला पहारेकऱ्याचा. तलवार येताना दिसली आणि त्यानं कर्णा फुंकला नाही, तर दोष त्याचा. फुंकला आणि ऐकणारा जागचा हलला नाही, तर दोष ऐकणाऱ्याचा. दुसरा अर्धा भाग सभांमधून बहुतेक वेळा गळतो, कारण तो सांगितला की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही. अकराव्या ओवीत देव शपथ घेऊन म्हणतो की दुर्जनाच्या मरणात मला आनंद नाही. तिथपर्यंत तर क्वचितच कुणी पोचतं.

तरी वक्ते अगदीच खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना प्रेषित पौलही म्हणतो की मी सर्वांच्या रक्ताविषयी निर्दोष आहे (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20). म्हणजे सांगण्याची जबाबदारी आहे. पण कर्णा फुंकणाऱ्यानं गावकऱ्यांच्या बखोटीला धरून त्यांना फरफटत न्यावं, असं यहेज्केलही म्हणत नाही आणि पौलही नाही. तेवढं लक्षात ठेव आणि आज रात्री झोप.

आता तारण. तू कर्ज विभागात आहेस, म्हणून हा शब्द तुझ्यापाशी आधीच दुसऱ्या अर्थानं येऊन बसलेला आहे. तारण म्हटलं की तुझं गिऱ्हाईक विचारणार, "घर ठेवू का सोनं, साहेब?" आमच्या मंडळीतले एक निवृत्त बँक मॅनेजर तर प्रत्येक ईस्टरला हाच विनोद करतात. पण मला तो विनोद उपयोगी वाटतो. आपल्या मराठी शास्त्रात इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. जामीन कोण राहतो हे तुला मी काय सांगणार! कर्जदाराची ऐपत संपते तिथं ज्याची सही कामाला येते, तो. इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तेवर भर देणारा ख्रिस्ती माणूस, तारण म्हणतो तेव्हा त्याला नेमकं हेच म्हणायचं असतं: देवाशी माझा हिशेब माझ्या कर्मांनी चुकता होणार नव्हता, तो ख्रिस्तानं वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतला, आणि मी फक्त विश्वासानं ते कबूल करायचं. इफिसकरांस पत्र, अध्याय 2, ओव्या 8 आणि 9 पाठ असतीलच. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान, आणि कुणी आढ्यता बाळगू नये म्हणून कर्मानं नाही. आढ्यता हा जुना शब्द मला फार आवडतो. नवीन भाषांतर करणारे तो काढून 'बढाई' घालतात. बढाई तोंडानं मारतात, आढ्यता नाकात असते.

इव्हँजेलिकल हा काही वेगळा पंथ नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण तुझ्या वयाची मुलं 'आम्ही इव्हँजेलिकल, ते नुसते चर्चवाले' असं बोलतात. 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्या सहांमध्येही असे विश्वासणारे होते, मेथडिस्टांत आहेत, बॅप्टिस्टांत आहेत, पेंटेकॉस्टल घरसभांत आहेत. पवित्र शास्त्राचा अधिकार, वधस्तंभ, नवा जन्म आणि सुवार्ता सांगण्याची तळमळ या चार गोष्टींवर त्यांचा भर सारखा असतो. बाकी भांडणं भरपूर. देवानं आधीच निवडलेल्यांचंच तारण होतं की ज्याची इच्छा त्याचं होतं, मिळालेलं तारण हरवतं का, लेकरांना बाप्तिस्मा द्यावा का, यावर शेकडो वर्षं वाद चालला आहे आणि आपल्या हयातीत मिटायचा नाही.

नव्या जन्माबद्दल मात्र थांबून बोलतो, कारण तू 'खऱ्या अर्थानं विश्वासात आलो' असं लिहिलं आहेस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण त्यांचीच साक्ष अशी की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढं आठ वर्षं लागली. एवढी संस्कृत पंडिता, तिला आठ वर्षं! ना. वा. टिळकांचंही तसंच. 1891 च्या सुमारास ते आपल्या नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका मिशनऱ्यानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी 1895 मध्ये. मधल्या काळात टिळक स्वतः वाचत राहिले, स्वतःशी भांडत राहिले. आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्यावर त्या त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं सांभाळत राहिल्या, आणि आल्या त्या काही वर्षांनी, आपल्या पायांनी. एका घरातली दोन माणसं, वाटा दोन.

म्हणून मी सभेत हात वर करायला लावत नाही. समोर या, माझ्यामागं ही प्रार्थना म्हणा, झालं तुमचं तारण, ही पद्धत शास्त्रात कुठं नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सभांमधून घडत आली. त्या पद्धतीनं विश्वासात आलेली अस्सल माणसं मला माहीत आहेत, तिची टिंगल मी करणार नाही. पण दर डिसेंबरात हात वर करणारी तीच ती पोरंही मी पाहिली आहेत.

आता तुझा खरा प्रश्न. चांगला माणूस, विश्वास नाही, तर हरवलेला का?

आधी 'चांगला' बाजूला ठेव. आपल्या शिकवणीत चांगुलपणा हा तारणाचा निकष नाहीच, ना त्याच्यासाठी ना तुझ्यासाठी. तो चांगला असूनही बाहेर आणि तू वाईट असूनही आत, असं चित्र तुझ्या मनात असेल तर ते खोड. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सर्वांनी पाप केलं आहे असं आहे, आणि त्या सर्वांमध्ये संडे स्कूलची बक्षिसं मिळवणारेही येतात.

पण प्रश्न उरतोच. योहान 14 मध्ये येशू म्हणतो की माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही. प्रेषितांची कृत्ये 4 मध्ये पेत्र म्हणतो की दुसऱ्या कुणाकडून तारण नाही. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं अमेरिकेतले प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकारानं जगभरातले इव्हँजेलिकल जमले. तिथं झालेल्या कराराच्या तिसऱ्या कलमात हेच स्पष्ट लिहिलं: तारणारा एकच, निसर्गातून देवाची थोडी ओळख प्रत्येकाला होते, पण तेवढ्यानं तारण होत नाही. माझाही विश्वास हाच. गुळमुळीत बोलून तुला बरं वाटवण्यात अर्थ नाही.

मात्र ज्यांच्या कानावर सुवार्ता कधी पडलीच नाही, किंवा पडली ती विद्रूप होऊन पडली, त्यांचं काय, यावर आपल्यातही एकमत नाही. काही म्हणतात, ऐकल्याशिवाय विश्वास नाही आणि विश्वासाशिवाय तारण नाही, विषय संपला. काही म्हणतात, तारण ख्रिस्तामुळंच, पण त्याचं नाव न कळलेल्या माणसालाही देव त्याच्या कृपेत घेऊ शकतो. दोन्ही बाजू कर्नेल्याकडंच बोट दाखवतात. हा रोमी शताधिपती देवभीरू होता, त्याच्या प्रार्थना देवापर्यंत पोचल्या होत्या, असं शास्त्रच म्हणतं. आणि तरीही पेत्राला त्याच्या घरी पाठवावं लागलं. नरकाच्या स्वरूपाबद्दलही तसंच. लोझानचा मसुदा करणाऱ्या समितीचे प्रमुख इंग्लंडमधले पाळक जॉन स्टॉट. पुढं 1988 मध्ये त्यांनी सावधपणे मांडलं की दुष्टांचा शेवट अखंड यातनेत न होता नाश पावण्यात होत असावा. त्यांच्यावर टीका झाली, पण इव्हँजेलिकल जगातला त्यांचा मान गेला नाही.

मी स्वतः अब्राहामाच्या एका प्रश्नापाशी थांबतो. उत्पत्ति, अध्याय 18: सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? अमुक माणूस हरवला, तमुक वाचला, असा निकाल देण्याची खुर्ची माझ्यासाठी ठेवलेली नाही. 31 वर्षांत मी पुष्कळ मयतीला उभा राहिलो, इतर धर्मांतल्या शेजाऱ्यांच्याही, आणि एकदाही कुणाच्या लेकराला 'तुझा बाप कुठं गेला' ते सांगितलं नाही. विचारलं तरी सांगत नाही.

मरणाऱ्या माणसाला मात्र एकदा घाईघाईनं सांगायला गेलो होतो. तिथूनच माझं हे शिकणं सुरू झालं.

पाळक होऊन वर्ष झालं नव्हतं. एका सरकारी दवाखान्यात दर शनिवारी सुवार्तेच्या पत्रिका वाटायला आणि प्रार्थनेला जायचो. एका खाटेवर उमरेडकडचे एक आजोबा होते, फुप्फुस गेलेलं, नाकात नळी. डॉक्टरांनी मुलाला सांगून टाकलं होतं. मी खाटेशी बसलो आणि बोलत सुटलो. पाप, वधस्तंभ, न्याय, सगळं. आजोबा डोळे मिटायचे आणि मी त्यांचा हात हलवून उठवायचो, कारण माझ्या डोक्यात रक्ताचा जाब होता, तुझ्या डोक्यात आहे तोच. शेवटी मी म्हणालो, बाबा, नुसतं 'येशू' म्हणा. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले देव जाणे. मी आनंदानं उठलो आणि डायरीत एक आकडा लिहिला.

पहाटे ते गेले. पुढच्या शनिवारी मुलगा दवाखान्याचे कागद न्यायला आला होता, तो मला व्हरांड्यात भेटला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "भाऊ, बाबा तीन रात्री झोपले नव्हते जी. त्या दिवशी जरा डोळा लागत होता. तुम्ही काहून उठवत होते?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. घरी येऊन डायरीतला आकडा खोडला.

नंतर लोझानचाच करार नीट वाचला तेव्हा बाराव्या कलमाशी अडखळलो. प्रतिसाद मिळावा म्हणून आम्ही ऐकणाऱ्यांवर दबावाची तंत्रं वापरली, आकड्यांच्या मागं लागलो, आकड्यांबाबत अप्रामाणिकही झालो, अशी कबुली त्यात आहे. आपल्याच लोकांनी, आपल्याच सहीनं दिलेली. ती वाचून मला धीर आला आणि लाजही वाटली. बघ ना, तारण हे दान आहे असं ज्या तोंडानं सांगायचं, त्याच तोंडानं वसुलीला बसल्यासारखं बोलायचं! तुला वसुली माहीत आहे. फोन कसे जातात, सूर कसा असतो. त्या सुरात सांगितलेली कृपा ऐकणाऱ्याला कृपा वाटेलच कशी?

फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट घे. कृत्ये, अध्याय 16. मध्यरात्री भूकंप, दारं उघडी, कैदी पळाले असं समजून तो तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघतो. पौलाचे त्याला पहिले शब्द कोणते? स्वतःला काही इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. आधी जीव वाचवला. 'तारण व्हावं म्हणून मी काय करावं' हे त्या माणसानं आपण होऊन विचारलं, आणि मग पौलानं एका ओळीत उत्तर दिलं: प्रभू येशूवर विश्वास ठेव. पुढं तो अधिकारी त्यांच्या जखमा धुतो, घरी नेऊन जेवू घालतो. या प्रसंगावर मी किती उपदेश केले असतील, पण 'इजा करून घेऊ नकोस' या वाक्यावर पहिला उपदेश केला तो त्या दवाखान्याच्या प्रकरणानंतर.

कायद्याचंही सांगतो, कारण तू नोकरदार आहेस. घटनेच्या 25 व्या कलमानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. घटनातज्ज्ञ सीरवाई यांनी या निकालावर कडक टीका केली, आणि आपल्या पुष्कळ लोकांना तो आजही सलतो. मला त्यातलं एक वाक्य धर्मशास्त्राच्या अंगानं मुळीच सलत नाही. दुसऱ्याचं मन पालटणं माझ्या हातात नाही, ते पवित्र आत्म्याचं काम, असं मी स्वतः दर रविवारी सांगतो. मग तो माझा हक्क असावा, असा हट्ट मी कशाला धरू?

नागपूरकराला या वादाचं मूळ ठाऊक असायला हवं. 1954 मध्ये, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते इथल्याच उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. अहवाल 1956 मध्ये आला. शाळा, दवाखाने, कर्ज यांच्या आडून धर्मांतरं होतात असा त्याचा ठपका होता, आणि ख्रिस्ती मंडळ्यांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. गंमत अशी की त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत हे नियोगीही होते. पुढं 1968 मध्ये मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा आला, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. सावनेरच्या पुढं थोडं गेलं की आपण त्या कायद्याच्या हद्दीत असतो. म्हणून सौंसर-पांढुर्ण्याकडं घरसभेला जाणाऱ्या आमच्या पोरांना मी आधी वकिलाकडं बसवतो. आपल्याकडंही कायदा काय म्हणतो ते वकिलालाच विचारत जा, व्हॉट्सॲपला नको.

तुझ्यापुरतं याहून महत्त्वाचं दुसरंच आहे. कर्ज मागायला आलेला माणूस टेबलापलीकडं बसलेला असताना येशूचं नाव काढू नकोस. अगदी चांगल्या मनानंही नको. तुझी सही त्याला हवी आहे. तो मान डोलावेल, पत्रिका खिशात घालेल, आणि ती डोलावलेली मान तुझ्या सहीसाठी असेल. 2011 मध्ये व्हॅटिकन, जागतिक मंडळी परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष देण्याची काही तत्त्वं ठरवली. हे तिघं एका कागदावर येणं ही दुर्मीळ गोष्ट. त्यात आर्थिक आमिष आणि कुणाच्या गरजेचा, आजाराचा, लाचारीचा फायदा घेणं साफ नाकारलं आहे. प्रार्थनेनं बरं करण्याच्या सेवेबाबतही तीच ताकीद आहे. बरं वाटावं म्हणून प्रार्थना कर, हजारदा कर. पण 'विश्वास ठेवला तर आई बरी होईल' हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. असं वचन देवानं तुला दिलेलं नाही. आणि आई बरी झाली नाही तर त्या मित्राच्या मनात येशूचं नाव कशाशी जोडलं जाईल, याचा विचार कर.

आता तुझा मित्र. तो इंदोऱ्याचा आहे म्हणजे त्याच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणीतरी 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षेच्या मैदानावर असण्याचा संभव मोठा आहे. त्या घरांत ती तारीख वाढदिवसासारखी सांगतात. त्या दिवशी त्यांनी नुसता धर्म बदलला नाही, मान वर केली. त्याच्याशी बोलताना हे विसरलास तर तुझी सुवार्ता त्याला पुन्हा मान खाली घालायचं आमंत्रण वाटेल. आणि शब्द जपून वापर. 'पाप', 'देव', 'तारण' हे शब्द आपल्याला घरच्या भांड्यांसारखे सवयीचे. त्याच्याकडं निर्माता देव ही कल्पनाच नाही. दुःख आहे, तृष्णा आहे, शील आहे, करुणा आहे. 'देवाचं तुझ्यावर प्रेम आहे' असं म्हणालास तर तो विचारेल, कुठला देव, आणि काहून? त्याचा राग मानू नकोस. 'दुःख म्हणजे तुमच्याकडं नेमकं काय?' असं त्याला विचार आणि पंधरा मिनिटं तोंड उघडू नकोस. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथं आले आणि 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात गेले. त्या अठरा वर्षांत त्यांनी शाळा चालवली, दगड-जीवाश्म गोळा केले, आणि गोंडांजवळ बसून त्यांची गाणी उतरवून घेतली. प्रचारक माणूस दुसऱ्याच्या देवाची गाणी लिहून घेत बसतो, हे मला लहानपणी विचित्र वाटायचं.

पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात आपल्याला जे सांगितलं आहे ते उत्तर द्यायला सिद्ध असा असं आहे. म्हणजे आधी कुणीतरी विचारलेलं असावं. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्या, सौम्यतेनं आणि भीडस्तपणानं. भीडस्तपणा! आजकाल हा दुर्गुण समजतात. मुलाखतीत कुणी तुला भीडस्त म्हटलं तर नोकरी जाईल. पण सुवार्ता सांगणाऱ्याकडं शास्त्र तो मागतं. समोरच्याच्या घरात चपला काढून शिरण्याची ती रीत आहे.

म्हणून 'कसं सांगू' याचं माझं उत्तर असं. त्यानं विचारलं, "गेल्या वर्षीपासून तू बदललास, काय झालं?" तर लपवू नकोस, पुळचटपणाही करू नकोस. तुझी साक्ष चार मिनिटांत सांग. आधी कसा होतो, काय ऐकलं, काय बदललं, आणि काय अजून बदललेलं नाही. शेवटचं जरूर सांग, कारण तो तुझ्या शेजारीच बसतो, त्याला माहीतच आहे. लूकचं शुभवर्तमान हवं का विचार. हो म्हणाला तर दे, नको म्हणाला तर पोहे खायला चला. आणि त्यानं कधी विचारलंच नाही तर? एखाद्या निवांत दिवशी, दोघं बरोबरीनं बसलेले असताना, "माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, तुला सांगावीशी वाटते, ऐकशील?" असं एकदा विचारायला हरकत नाही. मैत्रीत एवढं चालतं. तोही तुला विहारात यायला सांगू शकतो, आणि तू जावंस असं मी म्हणेन. बसून ऐकून ये. माझ्या या सल्ल्यावर मंडळीतले दोन वडीलधारे नाराज आहेत, तरी देतो.

माझ्याकडं अजनीचे एक निवृत्त रेल्वेवाले काका दर गुरुवारी येतात. अकरा वर्षं झाली. आधी बायबल हे जुनं मराठी म्हणून वाचायचं होतं त्यांना, मग लूकात अडकले. घरी गणपती बसवतात, मला मोदक आणून देतात. बाप्तिस्म्याचं मी अकरा वर्षांत एकदा काढलं. ते म्हणाले, "पास्टर, माझी गाडी आउटरला उभी आहे. सिग्नल तुम्ही नका देऊ." पुन्हा काढलं नाही. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो, आणि ते त्यांना ठाऊक आहे. तुझ्या सभेतल्या वक्त्यांच्या हिशेबात मी या माणसाबाबत नापासच.

राहिलं 'आत्ता का'. आत्ता नाही. आत्ता आई मेडिकलला आहे. तिथं रात्री नातेवाईक व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपतात, पहाटे चहासाठी रांग लागते, रक्ताची चिठ्ठी हातात आली की पळापळ होते. तुझा मित्र दिवसा बँकेत आणि रात्री तिथं असेल, तर तो किती दिवसांत नीट जेवलेला नाही ते विचार. एक रात्र तू थांब, त्याला घरी जाऊन झोपू दे. आईंचा रक्तगट कोणता? तरुण संघात रक्त देणारी बरीच मुलं आहेत. बाटली कुणाकडून आली हे त्यांच्या घरी सांगायची गरज नाही. आईंसाठी प्रार्थना करायची असेल तर खाटेपाशी मोठ्यानं सुरू करू नकोस. मित्राला आधी विचार, "मी मनातल्या मनात केली तर चालेल?" नाही म्हणाला तर घरी येऊन कर.

डबा न्यायचा असेल तर तिखट कमी टाकायला सांग. आणि वॉर्ड नंबर मला पाठव. मी शनिवारी तिकडं असतोच. पत्रिका आणणार नाही.